रिम ब्रेकचा आवाज, "गेलेली" रिम आणि माझे ६,५०० रुपये

सायकलच्या ब्रेकचा आवाज घालवायला माझे ६,५०० रुपये गेले, आवाज काही गेला नाही, आणि वर माझी चांगली चाकं घरी येऊन ब्रेक बघणाऱ्या एका मेकॅनिककडे राहिली ती राहिलीच. खरं तर लाज वाटते म्हणून लिहिणार नव्हते, पण "ब्रेक चेकिंग फ्री, घरी येऊन" असल्या जाहिराती अजून चालूच आहेत आणि लोक खाली धडाधड नंबर मागतायत, ते बघून गप्प बसवेना.

फ्री चेकिंगचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीय, चेकिंगमध्ये काहीतरी भयंकर निघतंच. ते सांगत बसत नाही. माझी तक्रार एवढीच होती की पुढचा ब्रेक दाबला की असा किंचाळायचा की रस्त्यावरची माणसं दचकून बघायची. ब्रेक लागत होता, नीट लागत होता, फक्त आवाज. तो जाहिरातीतला मेकॅनिक आला, चाक फिरवलं, आधी म्हणाला डिस्क ब्रेकच लावून टाका. माझ्या फ्रेमला डिस्क बसवायची जागाच (माउंट) नाही म्हटल्यावर ते सोडून दिलं. मग रिमच्या, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्याच्या, बाजूला, जिथे ब्रेकचं पॅड (रबर) घासतं तिथे, नख फिरवलं आणि म्हणाला, "ताई, इथे बोट लावून बघा." लावलं. बारीक खाच लागली बोटाला, रिमभर गोल फिरलेली. "चर पडलाय बघा झिजून. रिम गेली तुमची. चालत्या सायकलवर कधीही फुटेल."

इथेच. इथेच कळायला हवं होतं आणि याच जागेवर मी अजून जळते. ती खाच झिजून पडलेली नसतेच, कंपनीनेच मुद्दाम पाडलेली असते! ब्रेक मारून मारून रिमची भिंत पातळ होत जाते, तशी ती खाच उथळ होत होत शेवटी नाहीशी होते, आणि नाहीशी झाली की रिम बदलायची. म्हणजे खाच दिसतेय, नखाला अडकतेय, याचा अर्थ रिम अजून चांगली आहे. रिम धड असल्याचा पुरावा त्या माणसाने माझ्याच बोटाला लावला आणि तोच दाखवून मला रिम गेली म्हणून सांगितलं. आणि ती खाच किती एकसारखी होती, कंपासने काढल्यासारखी, दोन्ही बाजूंना, दोन्ही चाकांना. मी विचारलं पण त्याला, मागच्याला पण अगदी तशीच कशी काय? "दोन्ही एकदमच जातात" म्हणाला. कशी जातील एकदम? पुढचा आणि मागचा ब्रेक कोण सारखा वापरतं? पण तोवर "फुटेल" हा शब्द डोक्यात बसला होता, आणि त्या सायकलवर मागे माझी मुलगी बसते.

आता म्हणणारे म्हणतील एवढंही माहीत नव्हतं का. नव्हतं माहीत. सायकल विकताना कुणी सांगतं का हे? काही रिमना खाच असते, काहींना ठिपक्यांसारखे बारीक खड्डे, काहींना काहीच खूण नसते, मग भिंतीवर पट्टी उभी धरून आत खोलगट झालीय का ते बघावं लागतं. आणि झिजलेली रिम फुटते हे खोटं नाहीये, टायरमधली हवा भिंतीला सतत बाहेर रेटत असते, भिंत फार पातळ झाली की फाटतेच. खरी गोष्ट धरून खोटं सांगितलं त्याने, म्हणून पटलं. कुणालाही पटलं असतं.

ॲडव्हान्स १,५००, चाकं आणल्यावर ४,३५०, आणि "इम्पोर्टेड पॅड" म्हणून ६५०. बिल मोबाइलवर पाठवतो म्हणाला, अजून येतंय. बिल हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणि जुना पार्ट कुणालाही नेऊ देऊ नका, भंगार असलं तरी आपलं भंगार आहे. माझी डबल वॉलची (दुहेरी पत्र्याच्या मजबूत रिमची) चाकं "भंगारात पण कोणी घेणार नाही" म्हणत घेऊन गेला आणि बसवली ती हलकी सिंगल वॉलची, ते टायर उतरवल्यावर कळलं, म्हणजे फार नंतर.

त्या दिवशी आवाज मात्र बंद झाला होता, म्हणून मी पैसे दिले. का बंद झाला ते ऐका. चाकं बसवून झाल्यावर "फिनिशिंग" म्हणून त्याने रिमवर कसलातरी स्प्रे मारला. आवाज होतो घर्षणामुळे, घर्षणच काढून टाकलं की आवाज जातो आणि ब्रेकही जातो!! उतारावर लिव्हर पार हँडलला टेकला तरी सायकल थांबेना, चपला घासत थांबवली मी, मुलगी मागे होती. रिमवर तेल, सिलिकॉन, चेनचा स्प्रे, काहीही मारायला कोणी निघालं की सायकल हातातून काढून घ्या, वाद घालत बसू नका. काही दिवसांनी स्प्रे उडाला आणि आवाज परत तोच, नव्या चाकांवर.

शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने १८० रुपयांत काम केलं आणि मी बसून सगळं बघितलं. पॅड रिमला चिकटतं, सुटतं, परत चिकटतं, हे इतक्या भराभर होतं की ब्रेकचे हात आणि चाक धरणारा चिमटा थरथरायला लागतात, तोच तो आवाज. त्याने रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, स्वच्छ फडक्याने, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. तेलकट झालेले पॅड फेकूनच दिले, ते धुऊन सुधारत नाहीत म्हणे. (पॅड नुसते चकचकीत, कडक झाले असतील तर काचपेपर मारून चालतं, आणि आत ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतात ते टाचणीने उकरायचे, नाहीतर ते रिम खातात.) मग नवीन पॅड किंचित तिरके लावले, पुढचं टोक रिमला आधी टेकेल असे, मागे अर्धा ते एक मिलीमीटर फट. मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा पातळ तुकडा धरायचा, लिव्हर दाबून ठेवायचा आणि नट आवळायचा, झालं. व्ही-ब्रेकच्या पॅडला ते वाटीसारखे वॉशर असतात ते याच कोनासाठी. पॅड टायरला लागत नाही ना तेही बघा, टायर कापतं. आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, खटखट लागली तर हेडसेट (हँडल ज्यात फिरतं तो सांधा) किंवा ब्रेकच ढिला आहे, त्यानेही आवाज येतो. नवीन पॅड सुरुवातीला थोडे ओरडतात, त्याला घाबरून लगेच कुणाला फोन लावू नका.

खाचेचं पण त्यानेच सांगितलं, मोबाइलमधला जुना फोटो बघून. तिथेच रडू आलं मला.

मग तक्रारी. पोलिस म्हणाले पैसे तुम्ही स्वतः दिलेत, चाकं तुम्हाला मिळालीत, मग फसवणूक कुठे झाली? ब्रेक लागत नव्हता म्हटलं तर, अपघात झाला का? नाही? मग बघू. म्हणजे मुलीला घेऊन पडायला हवं होतं का मी, अर्ज घ्यावा म्हणून? ग्राहक हेल्पलाइनवाले बिल मागतात. बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! विक्रेत्याचा पत्ता द्या म्हणे, पत्ता असता तर मीच जाऊन उभी राहिले असते. नंतर मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." कुणी काढली, कशी काढली, मला एक फोन नाही. पेमेंट ॲपचं म्हणणं पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार यशस्वी. बँक म्हणते ॲपकडे जा, ॲप म्हणतं बँकेकडे जा. जाहिरात छापणारे म्हणतात आम्ही फक्त माध्यम आहोत, रिपोर्ट केला तर "नियमांचं उल्लंघन आढळलं नाही". त्याला रिमची खाच दाखवून माणसं लुटायला सगळ्यांनी मिळून रस्ता मोकळा ठेवलाय, आणि ६,५०० म्हणजे काय फार मोठी रक्कम नाही हे मला प्रत्येकाने ऐकवलं. माझ्यासाठी मोठी आहे.

तक्रार परत टाकलीय. या वेळी पैशांचं नाही, "ब्रेक निकामी करून दिला" असं पहिल्या ओळीत लिहिलंय, जुन्या रिमचा फोटो आणि तिन्ही पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडलेत. तुम्हालाही कुणी रिम गेली म्हणून सांगितलं असेल तर पैसे द्यायच्या आधी खाचेचा जवळून फोटो काढून मला पाठवा, आणि तोवर चाक सायकलवरून उतरवू देऊ नका.