सिस्टमरेस्क्यू: रात्री पावणेबाराला कामाला आलेला पेन ड्राइव्ह

चूक माझीच, हे आधी कबूल करतो. माझ्या लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) अपडेट होताना 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' अशी एक ओळ सरकून गेली. माझं बूट पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा कप्पा) जेमतेम ५१२ एमबीचं. मी शहाणपणा करून जुन्या कर्नलची इनिट्रामएफएस फाइल (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर हिच्यात असतात) हातानेच उडवली आणि नव्याची तयार झाली की नाही हे न बघता रीस्टार्ट मारला. पुढे काळा स्क्रीन, 'कर्नल पॅनिक' आणि 'अननोन-ब्लॉक (०,०)'. तो कंस म्हणजे कर्नलला रूट डिस्क, म्हणजे मुख्य सिस्टम असलेली डिस्क, सापडलेलीच नाही. डिस्कचे ड्रायव्हर ज्या फाइलमधून मिळायचे ती फाइलच नाही. ग्रब या बूट मेनूच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडला, तिथेही तेच रडगाणं. त्याचा गळा मीच कापला होता ना!

सिस्टमरेस्क्यू म्हणजे बिघडलेलं मशीन दुरुस्त करायला पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स. त्याचा पेन ड्राइव्ह कधीतरी करून ठेवला होता, तो शोधला. पहिली कुरकुर इथेच: सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असताना तो उठेना. बायोसमध्ये जाऊन ते बंद करावं लागलं. घाबरलेल्या माणसाला आणखी एक मेनू धुंडाळायला लावणं बरं नव्हे.

त्यानंतर मात्र तक्रार नाही. थेट रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आत घेतो, पासवर्ड विचारत नाही. 'स्टार्टएक्स' टाइप केलं की एक्सएफसीई डेस्कटॉप येतो; मी काळ्या पडद्यावरच राहिलो. 'कॉपीटूरॅम' पर्याय निवडला तर सगळं रॅममध्ये चढतं आणि पेन ड्राइव्ह काढूनही घेता येतो, जे एकच यूएसबी पोर्ट धड असलेल्या माझ्या लॅपटॉपला फार मानवलं.

२०१९ पासून सिस्टमरेस्क्यू आर्च या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेलं आहे, त्यामुळे आर्च-चरूट (डिस्कवरच्या सिस्टमच्या आत शिरून काम करू देणारी आज्ञा) हाताशी मिळतं. माझी डिस्कवरची सिस्टम डेबियन या दुसऱ्या लिनक्स कुळातली, तरी काही अडलं नाही. डिस्कवरचं रूट पार्टिशन माउंट केलं (जोडून घेतलं), त्याच्या आत बूट पार्टिशन माउंट केलं (हे विसरलात तर नवी फाइल भलत्याच जागी बनेल) आणि आर्च-चरूट. प्रॉक, सिस, डेव्ह हे सिस्टमचे खास फोल्डर एकेक बाइंड करत (आत जोडत) बसावं लागत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हेच.

आत गेल्यावर मात्र मी फसलो. सवयीने 'यूनेम -आर' (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी आज्ञा) वापरून आवृत्ती दिली. चरूटमध्ये चालू कर्नल पेन ड्राइव्हचा असतो! त्याची मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे जोडभाग) माझ्या डिस्कवर कुठली असायला? इशाऱ्यांची रांग लागली. मग लिब-मॉड्यूल्स फोल्डरमध्ये बघून नव्या कर्नलचं पूर्ण नाव स्वतः लिहिलं, अपडेट-इनिट्रामएफएसला '-सी' ('नवी बनव') लावून फाइल बनवली, अपडेट-ग्रब चालवलं. वीस मिनिटांत मशीन उभं.

नेमकं काय बिघडलंय हे सिस्टमरेस्क्यू सांगत नाही, 'दुरुस्त करा' असं बटणही नाही. टर्मिनलची भीती वाटणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. त्याला साधा लाइव्ह यूएसबी आणि शेजारी बसणारा एखादा मित्र बरा. माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण सिक्युअर बूटपायी कापला, आणि तो परत देणार नाही.