लामीच्या नावाखाली १८५० युरोंची टोपी

मंडळी, फ्रान्समध्ये राहून जुनी चित्रं घेणाऱ्यांनी हे वाचाच. फ्रेंच चित्रकार एजेन लामीचं जलरंगचित्र म्हणून मी १८५० युरो मोजले आणि पदरात पडला रंगीत छाप. वर पार्सलचे ४५, तज्ज्ञाचे १२०. एकूण २०१५ युरो पाण्यात.

विक्रेता पाठांतर करून बसलेला. लामी १८०० सालचा, चित्रकार होरास व्हेर्नेचा शिष्य, फ्रान्सचा राजा लुई-फिलिपच्या दरबारातला. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया त्या राजाकडे नॉर्मंडीत पाहुणी आली, ते प्रसंग त्याने रंगवले. हे सगळं खरंच आहे हो! मग संशय कशाचा घ्यायचा? ‘आजीच्या घरातलं आहे, वाटणी चालू आहे’, म्हणून घाई.

झोप उडते ती एका फोटोने. तिरक्या उजेडातला फोटो मीच मागवला होता. झुंबराच्या ज्योतींवरचा पांढरा रंग उठून दिसत होता, पण खालचे साटीनचे झगे पार सपाट. पाणी सुकताना रंगाच्या कडेला गडद रेघ धरते, ती कुठेच नाही. लामी जलरंगावर अपारदर्शक पांढरा वापरायचा, हे मला माहीत होतं, तो पांढरा दिसला म्हणून तर मी फसलो! काही माहीत नसलेला वाचला असता. काच काढा म्हटलं तर ‘डिंक जुना आहे, कागद फाटेल’. संग्रहालयातही आपण काचेतूनच बघतो ना?

घरी फ्रेम उघडून चित्रातल्या राणीचा गाल भिंगाखाली धरला. छपाईचे गुलाबी, पिवळे, निळे टिंब, ओळीने. २० पट भिंग १५ युरोंना मिळतं. आधी घ्या.

पोलीस ठाण्यात तासभर बसवलं आणि विचारलं, पावतीवर काय आहे? पार्सलमधल्या पावतीवर होतं, ‘लामीच्या धाटणीचं’. १९८१ च्या फ्रेंच सरकारी आदेशाप्रमाणे असं लिहिलं की चित्रकाराबद्दल कसलीच हमी राहत नाही. पावतीचा फोटो पैसे देण्याआधी मागवा. मागितल्यावर ती देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे, अधूनमधून विकणाऱ्यालासुद्धा. ‘अस्सल लामी’ लिहिलेले त्याचे मेसेज दाखवले, तर म्हणे दिवाणी मामला, वकील गाठा. वकील म्हणतो रक्कम किरकोळ. (त्याला असेल!) बँक म्हणते ट्रान्सफर तुम्हीच केलीत. ज्यांच्याकडे जाहिरात होती ते साइटवाले म्हणतात पैसे आमच्यामार्फत गेलेच नाहीत. ऑनलाइन तक्रार केली, तिचा क्रमांक मिळाला, आणि तो क्रमांक कुठल्याच खिडकीवर कुणाला नको असतो. १४ दिवसांत माल परत करण्याचा हक्क? तो व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलं तरच. हा पडला ‘खासगी’.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली: तुइलरी राजवाड्यातला नाच, १४०० युरो, पुन्हा आजीचंच घर. मी तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं, ‘नियमभंग आढळला नाही.’