माझ्या कथेत सासू नव्हती, तरी मी ५६,१०० रुपये भरले

मी भोळी नाही, हे आधी सांगते. पतपेढीत २३ वर्षं काउंटरवर काढली आहेत. सहीचं एक वळण चुकलं तरी स्लिप परत करते, मग समोर ओळखीचा माणूस का असेना. त्याच मी एका कथालेखन गटाला आठ महिन्यांत ५६,१०० रुपये दिले आणि एकही पावती मागितली नाही. हे लिहिताना कान तापतात. घरी अजून पूर्ण रक्कम सांगितलेली नाही, ती यांना इथेच कळेल.

जे लिहितात त्यांना माझी गरज कळेल. घरी कथा वाचून दाखवली की "छान आहे" म्हणतात आणि कुकर लावायला उठतात. दिवाळी अंकांना कथा पाठवली की होकार नाही, नकारही नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी नीट वाचावं आणि कुठे फसलंय ते तोंडावर सांगावं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मला आजही वाटतं.

जून २०२४ मध्ये गटात गेले. दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, दादर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक लहान हॉल, आम्ही १७ जण. प्रवेशाचे १,५००, दरमहा ६००, "हॉलचं भाडं आणि चहा" म्हणून. मेगाब्लॉक असला की मी दीड तास आधी घर सोडायचे, पण बैठक चुकवली नाही.

पहिल्या तीन बैठका खरोखर चांगल्या झाल्या, आणि तिथेच मी अडकले. एकाने कथा वाचायची, नंतर तोंड बंद ठेवायचं, बाकीच्यांनी बोलायचं. माझी कथा लालबागच्या चाळीतल्या दोन म्हाताऱ्या भावांची. दोघंही अविवाहित, गिरणी बंद पडल्यापासून एकाच खोलीत. पहिली दोन पानं मी १९८२ च्या संपावर खर्च केली होती. गटातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "ताई, ही दोन पानं काढा. धाकटा भाऊ थोरल्याची पेटी विकायला नेतो ना, कथा तिथे सुरू होते." त्या रात्री मी ती पानं काढली आणि कथा उभी राहिली. हे देणं त्या बाईंचं होतं. मी मात्र ते गट चालवणाऱ्या सरांच्या नावावर जमा केलं.

ऑगस्टमध्ये सरांनी 'सखोल मूल्यांकन' काढलं. माझ्या ११ कथांचे ७,५०० रुपये. तीन आठवड्यांनी सहा पानं आली. चौथ्या पानावर, दोन भावांच्या कथेखाली, हे वाक्य होतं: "सासूचं पात्र ठसठशीत झालं आहे, सून मात्र एकसुरी वाटते."

माझ्या कथेत सासू नाही. सून नाही. त्या खोलीत बाईच नाही.

मी ते वाक्य ट्रेनमध्ये वाचलं, उभ्यानं. पुन्हा वाचलं. मग माझ्या मनाने काय केलं ते सांगते, कारण तुमचंही तेच करेल. थोरला भाऊ धाकट्याला सासुरवास करतो, सरांना तेच म्हणायचं असेल, अशी मीच मला समजूत घातली. घाटकोपर येईपर्यंत ती मला पटलीसुद्धा होती. तरी रात्री फोन केला. सर म्हणाले, "ताई, ही समीक्षेची भाषा असते, हळूहळू कळेल." मी गप्प झाले, कारण मला समीक्षा कळत नाही याचीच मला लाज वाटली. खातेदाराने चेकवर दुसऱ्याच माणसाचं नाव घातलं तर मी "ही बँकिंगची भाषा असेल" म्हणते का? नाही. पण तिथे पैसे दुसऱ्याचे असतात. इथे माझं लिखाण होतं आणि त्यावर कुणीतरी सहा पानं लिहिली होती. नंतर त्या शिक्षिकांच्या अहवालाशी माझा जुळवून पाहिला. कथांची नावं सोडली तर सहाही पानं शब्दशः तीच. सासू त्यांच्याही कथेत नव्हती.

तुमच्या कथेवर कुणी बोललं की एक प्रश्न विचारा, शेवटच्या पानावर काय होतं? उत्तर नाही आलं तर उठून निघा.

सप्टेंबरमध्ये संपादनाचे १४,००० गेले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. पुढच्या बैठकीत सरांनी पेढे वाटले. आता अनुदानं येतील, प्रकाशक नवे लेखक शोधत फिरतील, आपण आधी तयार असलं पाहिजे. म्हणून १७ जणांचा एकत्रित कथासंग्रह, प्रत्येकी २२,०००. प्रकाशन ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात, दिल्लीत, २१ ते २३ फेब्रुवारी २०२५. त्या बैठकीत सगळ्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. १७ गुणिले २२ हजार, म्हणजे ३ लाख ७४ हजार. हा हिशेब मला तोंडी येतो. पण तो मी फेब्रुवारीत केला.

मग मुखपृष्ठाचे २,८०० आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५००. इथे माझं रक्त उकळतं. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन होतो आणि लेखक स्वतःही करू शकतो. जो त्याचे पैसे मागेल तो एकतर दलाल आहे किंवा चोर. सरांनी पाठवलेला नंबर १२ अंकी होता. आयएसबीएनला १३ अंक लागतात. दिवसभर खाते क्रमांक मोजणाऱ्या मी ते अंक मोजले नाहीत.

दिल्लीसाठी रजा मंजूर करून घेतली होती. पतपेढीत सगळ्यांना माहीत होतं, बहिणीच्या सासरी माहीत होतं. १५ फेब्रुवारीला निरोप आला की छपाई लांबली, पण संमेलनात प्रती पोहोचतील, तुम्ही येऊ नका, गर्दी फार आहे. दिल्लीतला माझा एक भाचा पुस्तकांच्या प्रत्येक स्टॉलवर जाऊन विचारून आला. पुस्तक नाही, प्रकाशकाचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही. २५ तारखेला व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं झालं. २ मार्चपासून फोन बंद. हॉलवाल्यांनी सांगितलं, आम्ही तासावर भाड्याने देतो, बाकी आम्हाला काय माहीत.

आता पोलिसांचं ऐका. घराजवळच्या ठाण्यात गेले तर म्हणाले, बैठका दादरला व्हायच्या, तिकडे जा. तिकडे गेले तर, पैसे तुम्ही घरून पाठवलेत, तुमच्या हद्दीत जा. पुन्हा घराजवळच्या ठाण्यात. या वेळी दोन तास बाकावर बसवलं आणि साहेब म्हणाले, "मॅडम, पुस्तक छापलं नाही हा दिवाणी मामला. वकील बघा." मी म्हटलं, खोटा आयएसबीएन दिलाय. त्यांनी विचारलं, ते काय असतं? मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अदखलपात्र नोंदीचा कागद हातात दिला. शेजारचा हवालदार हसत म्हणाला, "गोष्टी लिहिता ना, यावर एक लिहा." त्या माणसाला मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या बँकेचं उत्तर तर एका ओळीचं होतं, व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला आहे. चार खेपा, चार अर्ध्या रजा, आणि हातात एक कागद.

नंतर एका वकील मैत्रिणीने जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर मी त्या बाकावरून उठलेच नसते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, शून्य क्रमांकाने. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. फसवून पैसे घेणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. नोंदवत नसतील तर उपायुक्तांना लेखी पाठवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, माझ्यासारखं वाट बघत बसू नका. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. मी ती तक्रार केली आहे.

सगळ्यात जास्त भीती कथांची होती. ११ कथांची प्रत त्या सरांकडे आहे. एवढा दिलासा मिळाला की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीला ५०० रुपये. तुमचे जुने मसुदे, तारखेच्या वह्या, पाठवलेल्या मेल पुसू नका. आणि पहिलं पुस्तक काढायचं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, आधी तिकडे अर्ज करा. माझ्याकडून २२,००० घेणाऱ्या माणसाने आठ महिन्यांत तिचं नाव एकदाही काढलं नाही.

"एवढी शिकलेली बाई कशी फसली" असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तीस वर्षं कुणी न वाचलेली कथा घेऊन एखाद्या हॉलमध्ये बसून बघावं.

गटातल्या चौघांनी तक्रारीवर सह्या केल्या आहेत, निवृत्त शिक्षिका त्यात आहेत. उरलेल्यांपैकी काही जण म्हणतात, गेले पैसे, कशाला चव्हाट्यावर आणायचं. तुमची लाज मला कळते, पण तुमची नावं मला नकोत. ग्रुपमधले संदेश पुसू नका, पैसे पाठवल्याच्या तारखा आणि रकमा काढून ठेवा, आणि मूल्यांकनाचं चौथं पान तेवढं मला पाठवा. सासूचं वाक्य आणखी किती जणांच्या कागदावर आहे ते मला आयोगापुढे ठेवायचं आहे.