क्लाइंबिंगच्या सल्लागार मंडळावर काम करावं का? सांखळीहून एक अभिप्राय

आमच्या भागातल्या, म्हणजे गोव्यातल्या, क्लाइंबर (कडे आणि धोंडे चढणाऱ्या) मंडळींच्या गटाचं एक सल्लागार मंडळ आहे. त्यावरची माझी पहिली मुदत गेल्या पावसाळ्यात संपली आणि मी दुसरी घेतली. आता नव्या जागांसाठी नावं मागवली आहेत. ओळखीतले काहीजण विचारून गेले, काम कसं असतं, जावं का? त्यांना तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर, जावं. पाचपैकी चार गुण. एक कुठे कापला तेही सांगतो.

मी स्वतः क्लाइंबर नाही. माझी उमेदीची वर्षं मांडवीच्या काठी बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये गेली. २०१२ साली खाणी बंद झाल्या, खनिज वाहणारे बार्ज धक्क्याला लागले आणि आमचं कामही आटलं. मुलगी कॉलेजात असताना चढायला लागली. बदामीचा लाल वालुकाश्म, हंपीचे ग्रॅनाइटचे गोटे, सुट्टी मिळाली की तिकडेच. मंडळाला चढणाऱ्यांपलीकडचीही माणसं हवी होती, तेव्हा तिने माझं नाव सुचवलं. 'बाबा, तुम्हाला लोखंड कळतं, ते पुरे आहे,' म्हणाली.

गट चालवते ती कार्यकारी समिती. सहली, शिबिरं, सामानाची खरेदी सगळं त्यांच्याकडे. मंडळ फक्त सल्ला देतं. महिन्यातून एक बैठक फोंड्याला, मानधन नाही, पेट्रोल आपलं. आमच्यात एक डॉक्टर आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, जुने जाणते दोन क्लाइंबर, सत्तरी तालुक्यातल्या एका गावचे माजी पंच आणि मी.

मी आल्या आल्या सामानाचं रजिस्टर मागितलं. कुठला दोर कधी घेतला एवढं लिहिलेलं होतं. तो कुणी वापरला, त्यावर मोठा फॉल झाला का (म्हणजे चढणारा पडून दोराला जोराचा झटका बसला का), शेवटचा कुणी तपासला, यातलं काही नाही. वर्कशॉपमध्ये साध्या शॅकलवरही (वजन अडकवायच्या लोखंडी कडीवरही) नंबर ठोकलेला असायचा आणि तपासणीची तारीख वहीत असायची. इथे तर माणूस लटकतो. दोराच्या प्रमाणपत्राबद्दल मुलांचा फार विश्वास असतो, आणि तो रास्तही आहे. सिंगल रोपच्या, म्हणजे एकट्याने वापरायच्या दोराच्या, चाचणीत ८० किलोचं वजन वरून सोडतात. दोराने असे किमान पाच कडक फॉल सोसायचे आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या वर जाऊ द्यायचा नाही. पण ही परीक्षा नव्या दोराची. उन्हात पडलेल्या, वाळू खाल्लेल्या, तीन शिबिरं फिरून आलेल्या दोराबद्दल ते प्रमाणपत्र काही सांगत नाही.

आता प्रत्येक दोराला नंबर आहे आणि हंगामाच्या सुरुवातीला आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात बसून सगळे दोर हातातून काढतो. हे काम मला फार आवडतं. एकाने दोर सोडायचा, दुसऱ्याने अंगठा आणि दोन बोटांत धरून सरकवायचा. वीतभर झालं की लहानसा फास वळवून बघायचा. दोर निरोगी असेल तर फास गोल बसतो. आतला गाभा तुटला असेल तर तिथे तो चपटा मोडतो, बोटाला पोकळ लागतो. गेल्या खेपेला एका निळ्या दोराच्या टोकापासून हातभर अंतरावर असा पोकळ भाग सापडला. बाहेरचं विणकाम शाबूत, फक्त थोडं केसाळ झालेलं. ज्या मुलाने तो दोर आदल्या रविवारी वापरला होता तो समोरच बसला होता. त्याने तो भाग स्वतःच्या बोटांनी चाचपला आणि न बोलता कात्री आणली. उरलेला दोर लहान झाला, पण चालतो.

दुसरा मोठा विषय समुद्राकाठच्या बोल्टांचा. काणकोणच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइट आहे, पाळोळ्याच्या आसपास त्याचे चांगले धोंडे आहेत. मुलांना तिथल्या समुद्राकडे तोंड असलेल्या एका कड्यावर बोल्ट (दोर अडकवायला दगडात पक्के बसवायचे खिळे) मारून रूट, म्हणजे चढायच्या वाटा, काढायचे होते. स्टेनलेस आहे, गंजणार नाही, हा त्यांचा मुद्दा. खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं हे मी आयुष्यभर पाहिलंय. बार्जच्या बुडाला आम्ही जस्ताच्या पट्ट्या लावायचो, म्हणजे खारं पाणी आधी जस्त खाईल आणि पत्रा वाचेल. साधा बोल्ट आणि त्यावर स्टेनलेसचा हँगर (दोर अडकवायची पट्टी) अशी जोडी समुद्राकाठी लावली तर तिथे तो साधा बोल्ट आधी जातो. दोन्ही स्टेनलेस घेतले तरी सुटका नाही. क्षार आणि ताण एकत्र आले की स्टेनलेसला आतून बारीक चिरा पडतात. वरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि एके दिवशी हाताने मोडतो. स्टेनलेसचा ३०४ प्रकार काय आणि ३१६ काय, उष्ण किनाऱ्यावर दोन्हींचा भरवसा नाही. गिर्यारोहणाची आंतरराष्ट्रीय संघटना यूआयएए हा धोका सांगत आली आहे. थायलंडच्या रायले किनाऱ्यावर म्हणूनच टायटॅनियमचे, रेझिनने चिकटवायचे बोल्ट बसवले आहेत. ते कितीतरी महाग पडतात. आमचा सल्ला असा गेला, की टायटॅनियम परवडेपर्यंत समुद्राकाठी एकही बोल्ट नको. धोंड्यांवर खाली क्रॅश पॅड (पडलं तर झेलणारी जाड गादी) टाकून चढा, किंवा वरच्या भक्कम दगडाला अँकर करून, म्हणजे दोर पक्का बांधून, टॉप रोप (वरून सोडलेला दोर) लावा. हणजूण-वागातोरच्या जांभ्याचा तर विचारच नको. घराचे चिरे ज्यातून कापून काढतात तो दगड बोल्ट काय धरणार?

मुलं नाराज झाली. एकाने तर सरळ विचारलं, 'काका, तुम्ही मंडळात फक्त नाही म्हणायला बसलाय का?' मला त्याचा राग आला नाही. त्याच्याच हातात मी एका जुन्या बार्जवरचा तडकलेला स्टेनलेसचा बोल्ट दिला. चीर दिसायला भिंग लागलं. पुढच्या बैठकीला तो टायटॅनियमच्या किमती काढून घेऊन आला.

पण या मंडळाचं खरं काम कुठे आहे म्हणाल तर गावात. सत्तरीत एका गावाबाहेर चढायला फार सुरेख कडा आहे आणि त्याच्या पायथ्याशी देवराई. मुलं यायची, मोटारसायकली राईच्या तोंडाशी लावायची, स्पीकर चालू, कड्यावर चॉकचे (हात घसरू नयेत म्हणून लावायच्या पुडीचे) पांढरे ठसे. गावाने वाट बंद केली. कार्यकारी समितीने पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. आमचे माजी पंच म्हणाले, पत्राने काय होतं, आपण जाऊया. देवळाच्या मंडपात बसलो. चहा आला, तरी बराच वेळ कुणी विषयच काढेना. शेवटी एक वयस्कर गावकार म्हणाले, 'फातर तुमचो न्हय, आमचोय न्हय. थंय राखणदार आसा.' म्हणजे दगड तुमचा नाही, आमचाही नाही, तिथे राखण करणारा देव आहे. त्यानंतर आमच्यातल्या जुन्या क्लाइंबरने एकही युक्तिवाद केला नाही. त्याने एवढंच विचारलं, राखणदाराची जागा नेमकी कुठली, म्हणजे आम्ही तिथून लांब राहू. तिथून बोलणं सुरू झालं.

ठरलं ते असं. राईच्या वरचे रूट सोडायचे, दोर-बोल्ट काढून घ्यायचे. जत्रेला आणि शिगम्याच्या दिवसांत कड्याकडे जायचं नाही. गाड्या शाळेच्या पटांगणावर, तिथून एकाच वाटेने चालत. परतताना चॉक ब्रशने साफ करायचा. आणि गावातल्या ज्या मुलांना शिकायचं असेल त्यांना फुकट शिकवायचं. या शेवटच्या अटीमुळे आज गावातल्या दोन मुली उत्तम बिले देतात (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळतात), आणि अनोळखी कुणी आलं तर नियम त्याच सांगतात. वाट पुन्हा बंद झालेली नाही.

बाकीची कामं भरभर सांगतो. आग्या मोहोळ लागलेली भिंत माश्या जाईपर्यंत बंद, चढण्याआधी दुर्बिणीने बघायचं. शाहीन ससाण्याचं घरटं असेल तो कोपरा पिल्लं उडेपर्यंत सोडायचा. म्हादई आणि नेत्रावळी १९९९ पासून अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल नको. ते अर्ज आम्ही तपासून देतो. अपघात झाल्यास १०८ ला काय सांगायचं आणि जखमीला रस्त्यापर्यंत कुठल्या वाटेने न्यायचं, याचा कागद डॉक्टरांनी प्रत्येक कड्यासाठी केला आहे.

आता कापलेला गुण. सल्ला दिला की तो समितीच्या टेबलावर किती दिवस पडून राहील याला मर्यादा नाही. बोल्टांचा निर्णय व्हायला अख्खा हंगाम गेला. इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जायचं आणि आमच्या माजी पंचांना ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागायचं. ज्या माणसामुळे कडा उघडला त्यालाच कागद वाचता येऊ नये, हे मला फार लागलं. आता मी मराठीत लिहितो आणि तीच प्रत गावाच्या पंचायतीतही जाते. पण सगळ्यात मोठी उणीव ही, की निम्मे विषय गावांचे आणि मंडळात गावाकडचा माणूस एकच. तो आजारी पडला तर बैठकीत गावाच्या बाजूने बोलणारं कुणीच नसतं.

कुणी जावं? चढता येत नसलं तरी चालतं. हिशेब, प्रथमोपचार, कायदा, झाडं-पक्षी, सुतारकी, यातलं एखादं चोख येत असेल तर उपयोग होतो. ज्याला दर महिन्याला निकाल हातात हवा त्याने मात्र येऊ नये. नाव देण्याआधी एका बैठकीला नुसतं बसायला या, येऊ देतात. आणि विचारा, मागच्या वर्षी दिलेल्या सल्ल्यांपैकी किती अमलात आले? आता ती यादी ठेवली जाते, मागाल तर दाखवतात.

या खेपेला दोन जागा आहेत. सत्तरी किंवा काणकोणातल्या कड्याजवळच्या गावातलं कुणी नाव देणार असेल, शक्यतो एखादी बाई, तर माझं मत तिला.