मोठा पंजा: चेनसॉच्या बंपर स्पाइकचा दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या मार्चमध्ये मशीनला मोठे स्पाइक लावले, आता जानेवारी संपत आला. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. लावल्यावर आठवड्याभरात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो.

मी ठाण्यात कोलशेतला राहतो. घोडबंदर रोडपासून ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळपर्यंत सोसायट्यांची झाडं छाटायची आणि पडलेली उचलायची, हा धंदा. दोन मशीन आहेत. लहान मशीन वर चढणाऱ्या पोराचं. मोठं ७० सीसीचं, २० इंची बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी), खाली बुंध्यासाठी. हा अनुभव मोठ्याचा आहे. लहान मशीनला असले स्पाइक लावायच्या भानगडीत पडू नका. ते कमरेच्या पट्ट्याला लटकत असतं आणि त्याच्या शेजारी चढणाऱ्याची मांडी आणि दोर असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बार जिथून बाहेर निघतो तिथे बुडाशी दातेरी लोखंडी पट्टी असते, ती बंपर स्पाइक. आमची पोरं पंजा म्हणतात, कारण नुसतं ‘दात’ म्हटलं की चेनचे समजतात. पंजा लाकडात रोवायचा, मागचं हँडल वर उचलायचं, की मशीन त्या टेकूभोवती फिरतं आणि बारचं टोक खाली उतरतं. मग पंजा काढून थोडा खाली रोवायचा, पुन्हा तेच. शाळेत शिकलेली तरफ. दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. बारच्या खालच्या बाजूने कापताना चेन मशीनला पुढे ओढते. पंजा आधीच टेकलेला असेल तर ती ओढ लाकूड पेलतं, नसेल तर तुमचे हात पेलतात आणि सुरुवातीलाच एक हिसका बसतो. म्हणून आधी टेकवायचं, मग कापायचं.

कंपनीने दिलेला पंजा एकच होता, आतल्या म्हणजे इंजिनाकडच्या बाजूचा, १८ मिमी दात. गुलमोहराला, सोनमोहराला तेवढा पुरतो, त्यांची साल फार जाड नसते. अडलं ते रेन ट्रीवर. वसंत विहारच्या बाजूला एका सोसायटीत पिठ्या ढेकूण लागून वाळलेलं जुनं झाड होतं, तोडायच्या परवानगीचा कागद आलेला, बुंधा ९० सेंमी. अशा जुन्या झाडाची साल जाड, भेगाळलेली. आखूड दात सालीतच रुतायचे, जरा जोर दिला की सालीचा ढलपा निघायचा आणि मशीन सरकायचं. दिवसभर त्या मशीनचं वजन मी कमरेवर पेललं. रात्री पाठीला बाम चोळताना ठरवलं, मोठा पंजा घ्यायचा.

पहिला प्रयत्न स्वस्तातला. वागळे इस्टेटमध्ये लेझर कटिंगवाले पुष्कळ आहेत. जुना पंजा कागदावर ठेवून आखला, दात दुप्पट लांब केले, ५ मिमीच्या साध्या प्लेटमधून आत-बाहेरची जोडी कापून घेतली. सातशे रुपये. दिसायला झकास. चूक माझीच, प्लेट जाड झाली पण बोल्ट जुनेच वापरले. जेमतेम तीन आटे धरत होते. तिसऱ्या आठवड्यात कोपरखैरणेला आडवा पडलेला गुलमोहर कापताना आतल्या बाजूचा एक बोल्ट थरथरून निघाला आणि पंजा तिरका होऊन चेनला घासला. ठिणग्या उडाल्या, मी झटकन गॅसचा ट्रिगर सोडला. चेनचे चार कटर, म्हणजे कापणारे दात, गेले, माणसाला काही झालं नाही. पण बॉडी मॅग्नेशियमची असते, आटे मऊ. ते खाल्ले गेले आणि नवीन आटे बसवून घ्यायला पंजाच्या दुप्पट पैसे लागले.

बोल्ट लांब घेतानाही बघून घ्या. फार लांब झाला तर भोकाच्या तळाला टेकतो. घट्ट लागलाय असं वाटतं, पण प्लेट सैलच राहते. बाहेरच्या पंजाचा बोल्ट साइड कव्हरच्या आत डोकावला तर चेनला किंवा तिला फिरवणाऱ्या क्लच ड्रमला लागू शकतो. कव्हर बसवून, स्पार्क प्लगची टोपी काढून चेन हाताने, हातमोजा घालून, पूर्ण फिरवून बघायची. साइड कव्हर नुसतं प्लॅस्टिकचं असेल तर बाहेरचा पंजा लावूच नका. त्याला मागून धातूचा आधार लागतो.

साध्या प्लेटचं दुसरं दुखणं म्हणजे टोकं वळतात. शहरातल्या झाडात लाकडापेक्षा खिळे जास्त, असं आमचे मामा म्हणतात. हे मामा आमच्यातले सगळ्यात जुने, नात्याने कुणाचेच मामा नाहीत. कधीकाळी ठोकलेले बोर्ड, नवरात्रीच्या लायटिंगच्या तारा, सगळं झाडाने पोटात घेतलेलं असतं. एका खिळ्यावर पंजा आपटला आणि दोन टोकं हुकासारखी वळली.

शेवटी मेमध्ये माझ्याच मॉडेलसाठी बनवलेली कडक पोलादाची जोडी ऑनलाइन मागवली, दात ३५ मिमी, बोल्टसकट ३,८०० रुपये. थ्रेड लॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, लावून बसवली. तेव्हापासून आठ महिने एकदाही सैल झालेली नाही. दर सोमवारी एलन की फिरवून बघतो ते वेगळं.

आता फायदा कुठे, तर जाड सालीच्या मोठ्या बुंध्यावर. रेन ट्री, जुना आंबा. लांब दात सालीतून पार होऊन आतलं लाकूड धरतात, सरकणं बंद. दोन्ही बाजूंनी पंजा असल्यामुळे मशीन एका अंगाला झुकत नाही. आधी आतल्या एकाच पंजावर फिरवताना माझा काप हमखास तिरपा जायचा. उभं झाड पाडताना तर फारच फरक पडला. पुढची खाच झाली की मागचा काप घ्यायचा, मध्ये बिजागरी, म्हणजे न कापलेल्या लाकडाची पट्टी, ठेवायची, ती दोन्ही टोकांना सारखी जाड राहिली पाहिजे. मशीन स्थिर असलं की तिथे नजर ठेवायला सवड मिळते, पाचर वेळेवर ठोकता येते. जुलैमध्ये नेरूळला रस्त्यावर आडवी पडलेली रेन ट्री तिघांनी सकाळी सहाला सुरू करून दुपारपर्यंत तुकडे करून बाजूला लावली. पाठ जागेवर होती.

आणि तोटा कुठे, तर आमच्या बाकी सगळ्या कामात. छाटणीच्या दिवसात खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करताना हा पंजा प्रत्येक डहाळीत अडकतो. मशीन पुढे न्यावं तर फांदी बरोबर येते. हाताएवढ्या जाडीच्या फांदीला तर तो नुसता ढकलत राहतो, चेन पोचतच नाही. कडक, बारीक लाकडात, समजा सुक्या सुबाभळीत, दात पूर्ण रुतत नाहीत आणि मशीन लाकडापासून लांब राहतं. २० इंची बारचे दीड-दोन सेंमी असेच वाया. पावसाळ्यात ओल्या सालीच्या दोऱ्या बाहेरचा पंजा आणि चेन यांच्यामध्ये गुंडाळून बसतात. दर अर्ध्या तासाला मशीन बंद करून काठीने काढा.

वाहतुकीचा ताप वेगळाच. बारचं कव्हर फक्त बार झाकतं, पंजा उघडाच. छोटा हत्तीमध्ये मागे ठेवलं आणि पहिल्याच फेरीत दोराच्या गुंडाळीत घुसून त्याने दोराची एक पीळ तोडली. तो दोर चढण्याच्या कामातून बाद. आता टायरच्या ट्यूबचा तुकडा चढवतो. मशीन खांद्यावर टाकून न्यायची सवय असेल तर ती सोडा, माझ्या मानेवर अजून व्रण आहे.

पण एका गोष्टीबद्दल मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण ती माझ्याकडूनच घडली. मोठा पंजा आला की चेन बोथट झाल्याचं कळत नाही. आधी हाताला जोर लावावा लागायचा तेव्हा लगेच लक्षात यायचं. आता हँडल उचललं की तरफेच्या जोरावर मशीन बोथट चेनसकट लाकडात घुसतं. जूनमध्ये दोन दिवस मी असाच कापत राहिलो. बारला निळसर डाग पडले तेव्हा मामांनी खाली वाकून भुसा चिमटीत धरला. “शेठ, हा भुसा नाही, पीठ आहे. भाकऱ्या थापायच्या काय?” धार असलेली चेन जाडसर कपच्या काढते, बोथट पीठ काढते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवी बार घेतली. हल्ली प्रत्येक टाकी भरताना ५.५ मिमीची कानस दोन-दोन हात मारतो, डेप्थ गेज (कटर लाकडात किती खोल घुसेल ते ठरवणारा त्याच्या पुढचा उंचवटा) ०.६५ मिमीवर ठेवतो. आणि हँडल हलकेच उचलून बघतो. चेन आपणहून खात असेल तरच पुढे.

भिवंडीचा एक सुतार रेन ट्रीच्या फळ्या चिरून मागतो. त्यासाठी मशीन चिरायच्या फ्रेमला जोडतो तेव्हा दोन्ही पंजे काढावे लागतात, नाहीतर फ्रेम बारच्या बुडाशी नीट सरकवता येत नाही.

माझी सध्याची मांडणी: आतला मोठा पंजा कायमचा. बाहेरचा फक्त मोठा बुंधा असेल त्या दिवशी, आदल्या रात्री घरीच बसवून. चार एमएमची एलन की, थ्रेड लॉकची बाटली आणि दोन जादा बोल्ट एका जुन्या बोर्नव्हिटाच्या डब्यात. सध्या बाहेरचा पंजाही त्यातच आहे. ऐरोलीच्या एका वाळलेल्या आंब्याचा कागद यायचाय, तो आला की निघेल.