माइनक्राफ्टमधलं फुकटचं पाणी बंद करून खेळतोय, बऱ्याच महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) व्हिडिओ गेममध्ये पाण्याचा एक नियम बंद ठेवून खेळतोय, आता उन्हाळा आला, म्हणजे वापर भरपूर झालाय, म्हणून सविस्तर लिहितो. जावा एडिशनबद्दल (गेमची कॉम्प्युटरवरची एक आवृत्ती) बोलतोय हे आधीच सांगतो.

नेहमीच्या गेममध्ये पाणी म्हणजे काय तर तीन आयर्न इनगॉटची (लोखंडाच्या विटांची) एक बकेट करायची, दोन बाय दोनचा खड्डा खणायचा, समोरासमोरच्या कोपऱ्यात एकेक बकेट ओतायची, उरलेले दोन कोपरे आपोआप सोर्स (म्हणजे बकेटमध्ये भरता येणारं पूर्ण पाणी, जिथून पाणी वाहतं) होतात आणि झाली विहीर. कितीही उपसा, आटतच नाही. पहिल्या अर्ध्या तासात पाण्याचा प्रश्न मिटतो आणि मग कोणी पाण्याकडे बघत पण नाही. आता आपण नाशिकची माणसं, मे महिन्यात पेपर उघडला की आधी गंगापूर धरणाचा टक्का बघतो, आणि माझा भाचा तर येवल्याकडचा, तो बाजूला बसून बघत होता, म्हणाला, मामा, ही विहीर आटत कशी नाही? तेव्हापासून शोधायला लागलो.

तर गेम रूल्समध्ये वॉटर सोर्स कन्व्हर्जन नावाचा नियम आहे, गेमच्या १.१९.३ आवृत्तीत आला, डिसेंबर २०२२ ला. तो बंद केला की दोन सोर्समधून तिसरा तयार होत नाही, बस एवढंच. पण एवढ्यानं गेम पूर्ण बदलतो हो! नदीतून बकेट भरली की त्या जागी नुसतं वाहतं पाणी राहतं, वरून बघितलं तर तिथे खळगा दिसतो, आणि तो तसाच राहतो. आपण पाणी घेतलं हे नदीवर दिसतं.

आधी घर कुठेही बांधायचो, आता आधी पाणी बघतो. डोंगरावर गाव वसवायचं तर पाणी वाहून न्यावं लागतं, आणि रिकाम्या बकेट इन्व्हेंटरीच्या (सोबतच्या सामानाच्या) एका घरात १६ मावतात पण भरलेल्या एकावर एक बसत नाहीत, म्हणजे सगळी इन्व्हेंटरी पाण्यातच जाते. यावर आम्हाला सापडलेला सगळ्यात भारी उपाय म्हणजे बर्फ. सिल्क टच (ब्लॉक न फुटता अख्खा काढायची जादू) असलेल्या कुदळीनं बर्फ काढला की एका घरात ६४ मावतो, नेऊन ठेवायचा, मग साध्या कुदळीनं फोडायचा, खाली ब्लॉक असला की तिथे पूर्ण सोर्स तयार. आमच्या दुनियेतला हाच टँकर. आणि बर्फ जिथून काढला तिथलं पाणी तेवढं कमी होतं, म्हणजे हिशोब चोख राहतो.

दुसरा मार्ग पाझराचा. छताच्या ब्लॉकवर पाण्याचा सोर्स, त्याच ब्लॉकला खालून टोकदार ड्रिपस्टोन (गुहेच्या छताला असतो तसला दगडी सुळका) लटकवायचा आणि त्याच्याखाली कॉल्ड्रन (लोखंडी कढई, त्याला सात इनगॉट लागतात). थेंब थेंब गळून कॉल्ड्रन भरतो, तीन पातळ्या भरल्या की एक बकेट निघते. वरचं पाणी कमी होत नाही, म्हणजे नवीन पाणी मिळतं, पण इतकं सावकाश की त्याची किंमत राहते. हे २०२१ च्या १.१७ पासून आहे आणि मला हे फार आवडतं, ओळीनं कॉल्ड्रन मांडून ठेवलेत आणि भाचा आला की आधी तेच तपासतो.

शेतीत मात्र गेम अजून सढळ आहे. मधोमध एक सोर्स ठेवला की चारही बाजूंना चार ब्लॉकपर्यंत ओल जाते, नऊ बाय नऊच्या वाफ्यात ८० चौकोन भिजतात आणि पाणी थेंबभर खर्च होत नाही. कापणीला वरच्या टोकाला डिस्पेन्सरमध्ये (आत ठेवलेली वस्तू बटणावर वापरणारी पेटी) भरलेली बकेट ठेवतो, बटण दाबलं की पाणी सुटतं, सपाटीवर सात ब्लॉक वाहतं, गहू उपटून खाली आणतं, परत दाबलं की पाणी बकेटमध्ये परत. एक पायरी उतार दिला की पुढे अजून सात ब्लॉक मिळतात, त्यामुळे रान पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं केलंय, आणि ज्यानं कधी रात्री लाईट आल्यावर शेतात दारं धरलीत त्याला हा उतार लगेच कळतो, भाच्याला मला समजवावंच लागलं नाही.

माझी खरी तक्रार हीच की नियम बंद करून पण पाणी मोजलं जात नाही. डोंगरावर एक बकेट ओता, धबधबा कायमचा चालू. ऊन लागून आटणं नाही, पिकानं पाणी पिणं नाही. नेदरमध्ये (गेममधली पाताळासारखी आगीची दुनिया) ओतलेलं पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन जातं, म्हणजे पाणी नाहीसं होणं गेममध्ये आहेच, मग वाळवंटात थोडं तरी आटायला काय हरकत होती?

चालू दुनियेत पण चीट्स (कमांड वापरायची परवानगी) सुरू असतील तर हा नियम बदलता येतो, आणि आधी केलेल्या विहिरी गायब होत नाहीत, फक्त उपसल्या की परत भरत नाहीत. पण मी म्हणेन नवीन दुनियाच घ्या, आणि सुरुवात नदीकाठी करा, बर्फाळ भाग फार लांब नको, कारण सिल्क टच हातात येईपर्यंतचा काळ नुसत्या बकेटवर काढायचाय.