आयसीडी-१०-सीएम, आठ महिन्यांनंतर: ए की डी?

मागच्या ऑडिटमध्ये माझे तीन चार्ट उडाले. तिन्ही फ्रॅक्चरचे, आणि तिन्ही कोडच्या त्या मेल्या सातव्या अक्षरापायी.

इंदूरला रामबागेतल्या घरी बसून मी अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोट वाचून प्रत्येक आजाराला, दुखापतीला आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी यादीतला कोड देते. सत्तर हजारांवर कोड आहेत, ते कुणी पाठ करत नाही. सॉफ्टवेअर शोधून देतं. डोकं पिकतं ते दुखापतीच्या कोडमध्ये सातव्या जागी लागणाऱ्या ए, डी, एसने. ए म्हणजे पहिली भेट, डी म्हणजे पुढची, एस म्हणजे दुखापतीचा मागे राहिलेला परिणाम, असं मी ट्रेनिंगमध्ये घोकलं होतं. चार्टमधली बाई उजवं मनगट मोडून इमर्जन्सीत आली. तिथं नुसतं स्प्लिंट बांधून तिला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं, चार दिवसांनी त्याने हाड बसवलं. दुसरी भेट, म्हणून मी डी दिला. ऑडिटरने डी काढून एस५२.५०१ए केलं.

खूप चिडले. मग गाइडलाइन उघडली तर तिथं सरळच लिहिलंय: जोवर अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट (प्रत्यक्ष उपचार) चालू आहे तोवर प्रत्येक भेटीला ए, डॉक्टर बदलला तरी. म्हणजे चूक माझीच, दुसऱ्या चार्टमध्येही तीच. पण एचं नाव ‘इनिशियल एन्काउंटर’, म्हणजे पहिली भेट, ठेवायचं आणि अर्थ मात्र तो घ्यायचा नाही, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल?

कोडच्या पुस्तकाचंही सांगते. पैसे वाचवायला मैत्रिणीकडून २०२४ची जुनी प्रत ४०० रुपयांत घेतली. १ ऑक्टोबर २०२४ला नवे कोड लागू झाले, लठ्ठपणाचे क्लास १, २, ३ असे वेगळे कोड आले, आणि माझी प्रत पोहे बांधायच्या लायकीची उरली. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या साइटवर सगळं फुकट आहे, हे ४०० गेल्यावर कळलं.

एक मात्र आवडलं. गायीने धडक दिली तर डब्ल्यू५५.२२एक्सए. सहाव्या जागी काही नाही, म्हणून एक्स भरायचा, नाहीतर ए सातव्या जागी पोचतच नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगो, हा कोड आपल्या गल्लीत जास्त लागेल."

तिसऱ्या चार्टवर मात्र मी रिबटल, म्हणजे लेखी हरकत, टाकलंय. बसवलेलं हाड सरकलं होतं, डॉक्टरने पुन्हा ओढून बसवलं, तसं नोटमध्ये चक्क लिहिलंय. मी ए दिला. ऑडिटरने वरचा ‘फॉलो-अप’ शब्द बघून डी केला. आता तीच गाइडलाइन मी त्याला जोडून पाठवलीय. नऊ दिवस झाले, उत्तर नाही.